एकाशेजारचा ठिपका

आमदारसाहेबांना विरोधक ‘छापील’ म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर छापून ठेवल्यासारखं बाहेर पडायचं. कर कमी हवेत, शाळेत शिस्त हवी, दारूचं दुकान शाळेपासून लांब हवं, आणि सरकारने लोकांच्या घरात नाक खुपसू नये. वीस वर्षांपूर्वी, आमदार नव्हते तेव्हाही हेच आणि काल संध्याकाळीही हेच. साहेबांना त्या नावाचा राग नव्हता. उलट ते म्हणायचे, "छापलेलं निदान सारखं बदलत तरी नाही." आता अशा माणसाला काय चिडवणार?

पण ते सगळं खरोखरच छापून ठेवलेलं आहे, हे कार्यालयाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. ताईंच्या टेबलाच्या वरच्या खणात एक जाड पुठ्ठ्याची वही होती. ताई म्हणजे साहेबांच्या कार्यालयातल्या टंकलेखिका; अकरा वर्षांपासून तिथे होत्या आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणायचे. त्या वहीत तेवीस परिच्छेद होते, क्रमांक घालून. एक म्हणजे कुटुंब. दोन म्हणजे कर. तीन म्हणजे शाळा. असं करत करत तेवीसपर्यंत, तिथे भटक्या कुत्र्यांबद्दल होतं. लोकांची पत्रं यायची, साहेब गाडीत, बैठकीत, जेवताना ती वाचायचे आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा टाकायचे. ताई तो आकडा बघून वहीतला परिच्छेद उतरवायच्या, वर नाव घालायच्या, खाली साहेबांच्या सहीचा शिक्का मारायच्या आणि पाकीट बंद. साहेब उत्तर पुन्हा बघत नसत. बघायचंय काय, सगळं त्यांचंच तर होतं.

सगळं म्हणजे, एक सोडून. एक क्रमांकाचा परिच्छेद ताईंचा होता.

साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हाची गोष्ट. कुटुंबाबद्दल त्यांना काहीतरी ठाम लिहायचं होतं आणि शब्द काही केल्या सापडेनात. ताईंच्या सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या, सात वर्षं अंथरुणाला खिळून. ती सात वर्षं ताईंनी एकटीने काढली होती. नवरा फिरतीवर, नणंद फोनवर रडायला तेवढी तयार. टाइप करता करता ताईंच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, सरकार कुणाचं नातेवाईक नसतं हो. घरचं माणूस घरच्यांनीच सांभाळायचं असतं, त्यातच घराचं घरपण असतं." साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "हेच. असंच्या असं टाका." पुढच्या निवडणुकीत ते वाक्य भिंतीभिंतीवर झळकलं. रस्त्याने जाताना ते दिसलं की ताईंची मान थोडी ताठ व्हायची. का होऊ नये? सात वर्षांचं काहीतरी झालं होतं.

आणि नऊ क्रमांक. नवावर आधी कुठल्याशा जुन्या कायद्याबद्दल होतं. तो कायदाच रद्द झाला, जागा रिकामी पडली, म्हणून साहेबांनी तिथे दोन ओळी बसवल्या: "आपली अडचण वाचली. गुरुवारी अकरा वाजता येऊन भेटा, मी स्वतः लक्ष घालतो." अकरा वर्षांत हा नऊ त्यांनी चारदा वापरला होता. निदान ताईंची समजूत तशी होती.

त्या मंगळवारी साहेब भाषण सांगत होते. शुक्रवारी सभागृहात विधेयक येणार होतं. ज्या प्रौढ माणसांना एकटं ठेवता येत नाही, त्यांना दिवसभर सांभाळणारी सरकारी केंद्रं राज्यभर बंद करायची आणि ती जबाबदारी कुटुंबांकडे द्यायची. साहेबांच्या मतदारसंघातलं एक केंद्र चार महिन्यांपूर्वी, करून बघू म्हणून, आधीच बंद झालं होतं. साहेब येरझाऱ्या घालत सांगत होते, ताईंची बोटं चालत होती, आणि सगळं नेहमीसारखं होतं.

"आता इथे बाईंचं घाला," साहेब म्हणाले.

"कोणत्या बाई, साहेब?"

"माझ्या. चौथीपर्यंत मला शिकवलं त्यांनी. त्यांची मुलगी त्या केंद्रात जायची. चाळिशीची आहे, पण समज चार-पाच वर्षांच्या पोरीएवढी. बाईंनी पत्र लिहिलं होतं की केंद्र अजून तीन महिने चालू ठेवा. मी नियम बाजूला ठेवला, नऊ दिला. भेटायला बोलावलं. चार महिने झाले, त्या आल्या नाहीत." साहेब खिडकीशी थांबले. "म्हणजे त्यांचं त्यांनी निभावलं. हेच मला सभागृहाला सांगायचंय. मदत समोर ठेवली तरी आपली माणसं ती घेत नाहीत, स्वतः उभी राहतात. लिहा."

ताईंनी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांना कळलं नाही, बोटं आपली आपण चालत होती.

त्यांना ते पत्र आठवत होतं. कसं नाही आठवणार, विसरायचा प्रयत्न तर चार महिने चालू होता.

दुपारी साहेब बैठकीला गेल्यावर त्यांनी कपाटातून फाईल काढली. रेघा मारलेला कागद, मोत्यासारखं अक्षर, फक्त ओळी उजवीकडे खाली घसरत गेलेल्या. बाईंना काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया लवकर करायला सांगितली होती. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. मुलीला दिवसभर ठेवायला दुसरी जागा नाही. तीन महिने केंद्र चालू राहिलं तर दोन्ही डोळे होऊन जातील. पुढे काही मागणार नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा होता. एक. आणि त्या एकाच्या डावीकडे, केसभर अंतरावर, एक ठिपका.

एक आणि नऊ यात फरक तो काय? नवाला डावीकडे एक जादा आकडी असते, बाकी सगळं सारखंच. हा ठिपका ताईंनी तेव्हाही बघितला होता. पेन्सिल टेकल्याचा डाग असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या आधी खुर्चीतून उठल्या होत्या. पत्र हातात घेऊन साहेबांच्या दारापर्यंत गेल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी ते पत्र पुन्हा वाचलं आणि ‘तीन महिने’ या शब्दांवर त्यांची नजर अडली. तीन महिने. मला सात वर्षं कुणी विचारलं होतं? मला कुणी दिला होता नऊ? त्या मागे वळल्या, बसल्या, आणि एक क्रमांकाचा परिच्छेद टाइप केला. त्यांचाच परिच्छेद. त्याला वही उघडावी लागत नसे.

ही चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आज मीठ दोनदा पडलंय." ताई म्हणाल्या, "मग पाणी जास्त पी." आता या माणसाला काय सांगायचं, की एका ठिपक्याने माझा जीव खाल्लाय म्हणून?

बुधवारी अर्धी सुट्टी टाकून ताई बाईंच्या घरी गेल्या. पत्ता पत्रावर होताच. तिसरा मजला, अरुंद जिना, दाराला बाहेरून वर एक कडी आणि खाली एक. दार उघडलं ते मुलीने. केस पांढरे व्हायला लागलेली, पण दोन वेण्या घातलेली. तिने ताईंचा हात धरला, आत ओढलं आणि विचारलं, "तू राहणार?"

"छकुली, हात सोड. कोण आलंय?" आतून आवाज आला.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, समोर परात, परातीत सोललेले आणि न सोललेले वाटाणे एकत्र झालेले. त्यांनी मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्याने ताईंकडे पाहिलं. डावा डोळा उघडा होता, पण तो कुठेच बघत नव्हता.

"आमदारांच्या कार्यालयातून आलेय," ताई म्हणाल्या.

"बस. त्याचं पत्र आलं होतं की. अजून काही राहिलंय का?"

बाईंनी हात लांबवून कपाटावरून पाकीट काढलं. चाचपडावं लागलं नाही. ते रोजच्या जागेवर असावं. "सरकार कुणाचं नातेवाईक नसतं," त्यांनी पाठ म्हणून दाखवलं. "वाक्य चांगलं आहे. मला वाटलं नव्हतं त्याला जमेल. निबंधात वीसपैकी सात-आठच्या वर कधी गेला नाही तो."

ताईंनी मान खाली घातली. शेजारी छकुली त्यांच्या पदराची कड बोटाला गुंडाळत बसली होती.

"शस्त्रक्रिया झाली नाही?" ताईंनी विचारलं. उत्तर समोर बसलेलं असताना.

"हिला कुठे ठेवू? दोन दिवस शेजारी ठेवली, तिसऱ्या दिवशी ती रस्त्यावर सापडली. मग मी तारीख रद्द केली. डावा गेला. उजव्याला अजून वेळ आहे म्हणतात, फार नाही." बाईंनी एक शेंग उचलली. "त्याने लिहिलं ते काही खोटं नाही. घरचं माणूस घरच्यांनीच सांभाळायचं. सांभाळतेय."

ताईंना वाटलं, उठावं आणि निघून जावं. कुणाला कळलं असतं? शुक्रवारी भाषण झालं असतं, विधेयक झालं असतं, एका पत्राचं कोण विचारतंय. पण पाय काही उचलले नाहीत. त्यांनी पिशवीतून मूळ पत्र काढलं.

"बाई, हे तुमचं पत्र. साहेब कोपऱ्यात आकडा टाकतात आणि त्या आकड्याप्रमाणे मी उत्तर लिहिते. मी एक वाचला. तो एक नव्हता बहुतेक."

बाईंनी पत्र डोळ्यांशी नेलं, मग खाली ठेवलं. "पेन्सिल मला दिसत नाही. तू सांग. एकाच्या डावीकडे ठिपका आहे?"

"आहे," ताई म्हणाल्या.

"सुटा? एकाला न चिकटलेला?"

"हो."

"मग तो नऊ आहे. तो आधी एक काढायचा आणि पेन्सिल उचलून मागाहून आकडी लावायचा. घाई असली की आकडीचा ठिपका व्हायचा. चार वर्षं मी त्याचा नऊ सुधारत होते. त्याच्या पाटीवर, वहीवर, हात धरून. नाही सुधारला." बाई थोडं हसल्या, मग ते हसू ओसरलं. "नऊ म्हणजे काय असतं तुमच्यात?"

"या, भेटा. मी स्वतः लक्ष घालतो."

बाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

"मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. "किंवा त्याला."

"त्यांना विचारायला उठले होते," ताई म्हणाल्या, आणि मग सगळं सांगून टाकलं. दारातून मागे फिरणं, सासूबाई, सात वर्षं, ते वाक्य कुणाचं होतं ते. छकुलीने त्यांच्या गालाला हात लावून पाहिला आणि तो बाईंना दाखवला, "ओलं."

"मी तुला माफ केलं असं म्हणणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "डोळा माझा गेलाय. आणि सात वर्षं तुझी गेली, ती कुणी परत देणार नाही, तेही मला कळतं. पण एक सांग. मी त्याला शिकवलं म्हणून मला नऊ. ज्यांनी त्याला शिकवलं नाही, त्यांचं काय?"

ताईंनी पत्राची घडी करून ते पिशवीत ठेवलं.

निघताना त्या म्हणाल्या, "उजव्या डोळ्याची तारीख घ्या. छकुली माझ्याकडे राहील. लागतील तितके दिवस."

"प्रायश्चित्त म्हणून नको. आठ दिवसांत कंटाळशील आणि तिला ते कळेल. तिला सगळं कळतं."

"प्रायश्चित्त म्हणूनच आहे, बाई," ताई म्हणाल्या. "पण कंटाळणार नाही. त्याचा मला सराव आहे."

बाईंनी त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, "तिला वाटाणे सोलायला आवडतं. मधेच खाते, ओरडू नकोस."

गुरुवारी सकाळी ताईंनी साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं आणि शेजारी उत्तराची प्रत. साहेबांनी पत्र पाहिलं, प्रत पाहिली. पुन्हा पत्र पाहिलं. त्यांना सगळं समजायला फार वेळ लागला नाही. मग ताईंनी डोळ्याचं सांगितलं. साहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"डावा?"

"डावा पूर्ण गेला. उजव्याला वेळ आहे."

साहेब ओरडले असते तर ताईंना सोपं गेलं असतं. राजीनाम्याचा कागद त्यांनी टाइप करून पिशवीत आणला होता. पण साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला शंका आली होती?"

‘नाही’ म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं. ठिपका लहान होता, पेन्सिल पुसट होती, त्या दिवशी सदतीस पत्रं होती. साहेबांनी विश्वास ठेवला असता.

"आली होती," ताई म्हणाल्या.

"मग विचारलं का नाहीत?"

"मला तो एकच असायला हवा होता, साहेब."

साहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर रस्त्यावर, पलीकडच्या भिंतीवर, मागच्या निवडणुकीतलं ते वाक्य अजून होतं, निम्मं पोपडे निघालेलं. ते त्याच्याकडेच बघत होते की नाही कुणास ठाऊक.

"बाईंचा फोन नंबर माझ्याकडे आहे," ते पाठमोरेच म्हणाले. "दर वर्षी वाढदिवसाला करतो मी त्यांना फोन. या चार महिन्यांत तीनदा हातात घेतला. त्या गुरुवारी अकरा वाजता आल्या नाहीत, तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. माझं सगळं म्हणणं खरं ठरत होतं." ते वळले. "मलाही तो एकच बरा होता, ताई."

राजीनाम्याचा कागद ताईंनी बाहेर काढला. साहेबांनी तो वाचला नाही, घडी घालून खणात ठेवला. फाडलाही नाही. मग भाषणाचे कागद मागवले आणि बाईंचा परिच्छेद स्वतःच्या हाताने खोडला, आडवा-उभा, कागद फाटेपर्यंत.

संध्याकाळी ते बाईंकडे गेले. ताईंना बरोबर नेलं, पण वर येऊ दिलं नाही. ताई जिन्याखाली उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने साहेब खाली आले. त्यांचे दोन्ही कान लाल झाले होते.

शुक्रवारी ते सभागृहात बोलले. नेहमीपेक्षा कमी बोलले, एवढंच. मत बाजूनेच दिलं. विधेयक मंजूर झालं. विरोधी बाकावरून कुणीतरी "छापील" म्हणालं आणि काही जण हसले. ताई गॅलरीत बसून बघत होत्या. साहेब काहीतरी वेगळं करतील असं त्यांना उगाच वाटलं होतं. आपल्याला कुठल्या तोंडाने असं वाटावं, हेही त्यांना लगेच वाटलं.

सोमवारी छकुली ताईंच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसली होती, मांडीवर वाटाण्यांची पिशवी घेऊन. बाई रुग्णालयात होत्या, उद्या उजवा डोळा. शिपायाने पत्रांचा गठ्ठा आणून ठेवला. ताईंनी पहिलं पत्र उचललं आणि कोपऱ्यात बघतच राहिल्या. आकडा नव्हता. अक्षरात लिहिलं होतं, ठळक, शाळकरी वळणाचं: ‘एक’. दुसऱ्या पत्रावर ‘एक’. तिसऱ्यावरही. विधेयक झाल्यावर लोकांनी लिहिलेली पत्रं होती ती, बंद होणाऱ्या केंद्रांबद्दल. अकरा पत्रं. अकरा वेळा ‘एक’. साहेबांनी अक्षर सुधारलं होतं. आता कुणाची चूक होणं शक्य नव्हतं.

ताईंनी वही उघडली नाही. त्यांनी गठ्ठा उचलला, छकुलीला "इथेच बस हं" म्हटलं, आणि या वेळी दारात न थांबता आत गेल्या.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "नीट लिहिलंय की."

"नीटच लिहिलंय. पण विचारून घेते." त्यांनी पहिलं पत्र समोर ठेवलं. "एक म्हातारा आणि त्याचा मुलगा. मुलगा पन्नाशीचा. हा एकच ना, साहेब?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "एक."

"दोघी बहिणी. थोरली कामाला जाते, धाकटीला झटके येतात. हा एकच ना?"

"एक."

तिसरं झालं. चौथं झालं. साहेबांचा आवाज प्रत्येक वेळी थोडा खाली येत गेला, पण ‘एक’ म्हणाले ते. ताईही थांबल्या नाहीत. पाचव्या पत्रात एका सुनेने लिहिलं होतं, सासूला सांभाळायला सहावं वर्ष लागलंय. ताईंना ते मोठ्याने सांगता आलं नाही. त्यांनी पत्र नुसतं पुढे केलं.

"हा..." त्या म्हणाल्या.

बाहेर छकुलीच्या हातातून वाटाणे सांडल्याचा आवाज आला. साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग चष्मा पुसला, पत्र ओढून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.